बॉल हातात नसताना पोरगा काय करतो?

जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पुतण्या सतरा वर्षांचा, उंची सहा फूट चार इंच, बास्केटबॉलच्या जिल्हा पातळीच्या मॅचमध्ये तीस-तीस पॉइंट टाकतो. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (टीम नव्या पोरांना नंबरानं निवडतात तो कार्यक्रम) जास्त स्कोअर करणारा मागे राहतो, कमी स्कोअरवाला पुढे जातो आणि विचारलं की ‘आमच्या टीममध्ये बसत नव्हता’ असं सांगतात. हे बसणं म्हणजे नक्की काय, की निवडणाऱ्यांनी शोधलेली पळवाट? आणि आमचा पोरगा कुठे बसेल का?

सोलापुरात मी बरीच वर्षं पोरं शिकवतोय आणि निवड चाचण्यांच्या टेबलावरही बसलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो. पुतण्याला मी पाहिलेलं नाही. म्हणून त्याच्याबद्दल निकाल देणार नाही, कसं पाहायचं तेवढं सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पोरगा पुढे किती मोठा होईल, हा एक. अमुक टीमला अमुक वर्षी त्याचा उपयोग काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अंदाजाचं असतं आणि तिथे भलेभले चुकतात. दुसऱ्यात मात्र बराचसा हिशेब असतो. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. मुख्य तिघांनी पस्तीस-पस्तीस घेतली की १०५ गेली. उरलेल्या १३५ मिनिटांसाठी सहा-सात जण रांगेत. आणि बॉल एकच, तोही बहुतेक वेळ त्या तिघांच्या हातात. नव्या पोराला मिनिटं मिळालीच, तर ती बॉलशिवायची असतात. गंमत अशी की निवडायला आलेला जवळजवळ प्रत्येक पोरगा आपापल्या गावात कायम बॉल हातात घेऊनच खेळलेला असतो. म्हणून पोरगा पाहताना मी मनातल्या मनात त्याच्या हातातला बॉल काढून घेतो आणि उरतं काय ते बघतो.

आता ते तीस पॉइंट. मी पहिल्यांदा विचारेन, समोर कोण होतं? जिल्ह्याच्या मॅचमध्ये सहा-चारच्या पोरासमोर बहुतेक वेळा पाच-आठ, पाच-नऊचा पोरगा उभा असतो. रिंगखाली बॉल घ्यायचा, वळायचं, टाकायचा. यातले किती बास्केट तेवढ्याच उंचीचा माणूस अंगावर असताना झाले असते? स्कोअरशीटवर हे दिसत नाही, मॅच पाहणाऱ्याला दिसतं. त्याच्यापेक्षा वयानं मोठ्या, नोकरी करून संध्याकाळी खेळायला येणाऱ्या दणकट लोकांत त्याला महिनाभर खेळवा. तिथे तीसचे बारा झाले तरी चालतील. ते बारा कसे झाले, यात मला जास्त रस आहे.

आकड्यांपैकी एका आकड्यावर माझा भरवसा आहे: फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट. साधारण पंधरा फूट अंतर, दहा फुटांवर रिंग, समोर कुणी नाही. पार्क मैदानाजवळ मारा नाहीतर अमेरिकेत मारा, गणित तेच. त्यामुळे पोरापोरांची तुलना करता येते. लांबून शूट करायला पुढे शिकेल का, याचा अंदाज त्याच्या आजच्या तीन पॉइंटच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोवरून बरा येतो. कवाय लेनर्डचं उदाहरण घ्या. कॉलेजात तीनच्या लाइनबाहेरून (तिथून टाकलेल्या बास्केटचे तीन पॉइंट मिळतात) त्याचे चारातला एकच जायचा, फ्री थ्रो मात्र चारातले तीन. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो १५ व्या नंबरवर गेला आणि सॅन अँटोनियोनं त्याच रात्री जॉर्ज हिलसारखा तयार गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारा) देऊन त्याला घेतला. त्यांच्याकडे शूटिंग शिकवणारा जाणता कोच होता, आणि हात मुळात सरळ आहे हे त्यांना दिसलं होतं. २०१४ च्या फायनलमध्ये हाच पोरगा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्याकडे इथे थोडी सूट द्यावी लागते. सिमेंटचं उघडं ग्राउंड, वारा, घट्ट रिंग, गुळगुळीत झालेला बॉल. अशा जागी बाहेरून कमी जातात म्हणून पोराला शूटिंग नाही असा शिक्का मारू नका. उलटही होतं. फिबा या जागतिक संघटनेनं तीनची लाइन २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, पण कितीतरी जुन्या ग्राउंडवर अजून जुनीच आखणी आहे. तिथला शूटर नव्या कोर्टवर गेला की बॉल रिंगच्या अलीकडेच पडतो.

उंचीबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात उरकतो. भिंतीला पाठ लावून, बूट काढून मोजा. सहा-चार म्हणवणारी बरीच पोरं बूट काढले की सहा-तीनवर येतात. मग दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजा, आणि उभ्यानं एक हात वर करून तो कुठे पोहोचतो तेही बघा. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, डोक्यानं घेत नाहीत, हातानं घेतात. ड्रेमंड ग्रीन सहा-सहाच्या आसपासचा, पण पसरलेले हात सात फुटांच्या वर. २०१२ मध्ये तो ३५ व्या नंबरवर गेला, कारण फॉरवर्डसाठी (गार्ड आणि सेंटरच्या मधली जागा) बुटका आणि गार्डसाठी जाडा वाटला. पुढे सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या सगळ्यात उंच माणसाला, अडवायचं कामसुद्धा तोच करू लागला. शिवाय पोराची जन्मतारीख कुठल्या महिन्यातली, आई-वडील-मामा किती उंच, मिसरूड कधी फुटलं, हेही विचारतो. मुलांची उंची तेरा-चौदाच्या सुमारास सगळ्यात झपाट्यानं वाढते. ज्याची लवकर वाढते तो दोन-तीन वर्षं सगळ्यांना भारी पडतो, मग बाकीचे त्याला गाठतात. सतराव्या वर्षी अजून पँट आखूड होत असेल तर गोष्ट निराळी. कागदावरचं वय आणि खरं वय हा आपल्याकडचा जुना दुखरा विषय आहे, तो इथे काढत नाही. घरच्यांनी स्वतःला तरी खरं सांगावं.

उंचीतली खरी अडचण दुसरीच आहे, आणि तुमच्या पुतण्याला ती लागू पडेल असा माझा दाट संशय आहे. सोलापुरातला सहा-चारचा सेंटर राज्याच्या संघात फॉरवर्ड होतो आणि देशपातळीवर गार्ड. एनबीएत सरासरी उंचीच साडेसहा फुटांच्या आसपास आहे, म्हणजे तिथे सहा-चारवाला छोट्यांत मोडतो. पण आपण काय करतो? आठवीत पोरगा उंच दिसला की त्याला रिंगखाली उभं करतो, ‘तू फक्त हात वर ठेव’ म्हणतो आणि शाळेला ट्रॉफी मिळवून देतो. चार वर्षं रिंगकडे पाठ करून खेळल्यावर त्याला समोरून ड्रिबल करत येता येत नाही, डाव्या हातानं पास देता येत नाही, आणि चपळ गार्डला अडवताना पाय गुंततात. शरीर गार्डचं, सवयी सेंटरच्या. असा पोरगा व्यावसायिक टीमला कुठल्याच जागी बसत नाही, मग तीस टाको की चाळीस. यात दोष पोराचा नाही, ट्रॉफीच्या घाईचा आहे. सतराव्या वर्षी हे सुधारता येतं. बाविसाव्या वर्षी फार अवघड जातं.

मॅच पाहायला गेलो की मी बेसलाइनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) मागच्या कोपऱ्यात बसतो आणि एक अख्खा क्वार्टर बॉलकडे पाहतच नाही. फक्त त्या एका पोराकडे. सुरुवातीला हे जड जातं, नजर आपोआप बॉलमागे धावते. पण सवय झाली की वेगळीच मॅच दिसायला लागते. बॉल पलीकडच्या बाजूला असताना हा गुडघे वाकवून उभा आहे की कमरेवर हात ठेवून? त्याचा माणूस मागून रिंगकडे पळाला तर याला कळतं का? रिंगवर शॉट लागल्याबरोबर हा आधी माणसाला पाठीनं रोखतो, की वर बघत बॉलची वाट पाहतो? स्क्रीन लावायला, म्हणजे आपल्या खेळाडूसाठी समोरच्याची वाट अंगानं अडवायला, सांगितलं तर खांदा आणि पाय घट्ट रोवतो, की नुसता जवळून जातो? बॉल गमावल्यावर पंचाकडे बघतो की पळत सुटतो? टीमचा दुसरा पोरगा तीन बास्केट सलग टाकतो तेव्हा याचा चेहरा कसा असतो? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तीस टाकणाऱ्याला आठ पॉइंटची भूमिका उद्या पचेल का, हे मला तिथेच कळतं.

डिफेन्समध्ये बोलणं हा प्रकार आपल्याकडे कुणी मोजत नाही. मागून स्क्रीन येतोय हे ओरडून सांगणारा पोरगा सोन्यासारखा. सोलापुरात यात एक गंमत आहे. पूर्व भागातली पोरं आपसात तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, आणि घाईच्या वेळी तोंडातून घरचीच भाषा येते. आपल्या टीममध्ये त्यानं काम झकास चालतं, समोरच्याला कळतही नाही. मात्र राज्याच्या संघात गेल्यावर नागपूर-मुंबईच्या पोरांत हीच बोलकी पोरं एकदम मुकी होतात. म्हणून मी सरावात चार-पाच ठरलेले शब्द सगळ्यांना सारखेच लावून देतो. मॅच पाहतानाही पोरगा मुळात अबोल आहे की फक्त बुजलाय, याचा फरक करतो.

पण माझ्या लेखी सगळ्यात वजनाची गोष्ट मॅचमध्ये दिसतच नाही. पोराला एक बारीक दुरुस्ती सांगायची, समजा पास घेताना उजवा पाय आधी टेकवायचा. दुसऱ्या दिवशी काही न बोलता बघायचं. आठवड्यानं पुन्हा बघायचं, तेही दमलेला असताना. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना जमतं. आठवड्यानंतर, घामाघूम अवस्थेत, कुणी आठवण न करता जमत असेल, तर तो पोरगा पुढच्या तीन वर्षांत आजच्यापेक्षा पूर्ण वेगळा खेळाडू होऊ शकतो. सतराव्या वर्षी पोरगा कुठे उभा आहे यापेक्षा किती वेगानं शिकतो हे पाहावं, या मताचा मी आहे. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या नंबरवर गेला, कारण ना उडी ना वेग, शरीर ढिलं. कुठे बॉल द्यायचा हे इतरांच्या आधी कळणं तेव्हाही त्याच्याकडे होतं. ते मोजपट्टीत येत नाही एवढंच.

आता तुमचा ‘पळवाट’वाला आरोप. काही वेळा ती पळवाट असतेच. २००३ मध्ये डेट्रॉइटकडे दुसरा नंबर होता. कार्मेलो अँथनी समोर होता, पण त्याच्या जागी त्यांच्याकडे टेशॉन प्रिन्स होता, म्हणून त्यांनी सर्बियाचा अठरा वर्षांचा उंच पोरगा डार्को मिलिचिच घेतला. पुढे ख्रिस बॉश आणि ड्वेन वेडही शिल्लक होते. डेट्रॉइटनं २००४ मध्ये अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा निर्णय बरोबर होता असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. जिंकायला निघालेल्या टीमकडे अठरा वर्षांच्या पोराला द्यायला मिनिटंच नव्हती. म्हणजे ज्या कारणानं अँथनीला सोडलं, त्याच कारणानं मिलिचिचही बसत नव्हता. जागा रिकामी असून भागत नाही, त्या जागेवर पोराला चुका करायची मुभा हवी.

उलट टोक म्हणजे बसतंय की नाही हे अजिबातच न पाहणं. २००९ मध्ये मिनेसोटानं पाचव्या नंबरवर रिकी रुबियो आणि लगेच सहाव्यावर जॉनी फ्लिन घेतला. दोघेही पॉइंट गार्ड, दोघांनाही बॉल हवा. सातव्या नंबरवर गोल्डन स्टेटनं स्टेफन करी घेतला. पण त्यांच्याकडे तरी काय होतं? माँटा एलिस, तोही छोट्या चणीचा, बॉल हातात घेऊन खेळणारा गार्ड. दोघं एकत्र खेळले की डिफेन्सला भगदाड. शेवटी मार्च २०१२ मध्ये त्यांनी एलिस देऊन अँड्र्यू बोगट हा सेंटर आणला. डेन्व्हरनं योकिच आणि नुर्किच या दोन सेंटरना एकत्र उभं करून पाहिलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किचला पोर्टलंडला पाठवलं. दोन्ही वेळा आधी चांगला माणूस घेतला, मग त्याच्याभोवती टीम बदलली.

यातून माझं मत असं झालंय की निवड जितकी वरच्या नंबरची, तितकं ‘बसतो का’ हे कमी पाहावं. पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांपर्यंत जातो, आणि तेवढ्यात टीमची अर्धी यादी बदललेली असते. आजच्या यादीत बसावं म्हणून उद्याचा मोठा खेळाडू सोडणं शहाणपणाचं नाही. पण खाली दुसऱ्या फेरीत, किंवा ड्राफ्टच्या बाहेरून येणाऱ्यासाठी, बसणं म्हणजे जवळजवळ सर्वकाही. पंधरा जणांच्या यादीत शेवटच्या जागांवर टीम भावी राजा शोधत नाही. एक काम नीट करणारा शोधते: कोपऱ्यातून तीनचा मारेल, आपला माणूस अडवेल, चुका करणार नाही.

सतनामसिंगची गोष्ट आपल्या पोरांना मी नेहमी सांगतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीतून अमेरिकेला गेला आणि २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएची मॅच मात्र त्याला खेळायला मिळाली नाही. त्याच वर्षांत खेळ रिंगखालून बाहेर सरकत होता. सेंटरनंही बाहेर येऊन गार्डला अडवावं, लांबून मारावं अशी अपेक्षा वाढत होती. त्याच्या अंगात जे होतं त्याची जागाच कमी होत गेली. सात-दोनचं हे असेल तर सहा-चारनं नुसत्या उंचीवर भिस्त ठेवू नये.

आता घरचं बोलू. आपल्याकडे व्यावसायिक टीम म्हणजे अलीकडच्या लीग आहेतच, पण पोटापाण्याचा पक्का रस्ता अजूनही खेळाडू कोट्यातली नोकरी: रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, पोलीस, इन्कम टॅक्स, बँका. इथे बसणं अगदी शब्दशः असतं. टीमचा एखादा गार्ड खेळातून बाहेर पडतो, त्याची जागा निघते, आणि त्यांना गार्डच हवा असतो. त्या वर्षी देशातला उत्तम सेंटर ट्रायलला उभा असला तरी ते म्हणतील, पुढच्या वर्षी या. म्हणून पोराला दोन जागा खेळता याव्यात. मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय आपल्या शहरातच आहे, त्यामुळे सोलापूरच्या घरांना ही वाट ओळखीची आहे. फक्त भरतीची जाहिरात आल्यावर तयारी सुरू करून चालत नाही. जाहिरातीत कुठल्या पातळीवरच्या कामगिरीची अट असते ते आधीच्या जाहिराती वाचून समजून घ्या आणि प्रमाणपत्रं आजपासून फायलीत लावा. बारावीही सोडू नका. पुढे पदवी करताना विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची वाट उघडी राहते.

थ्री बाय थ्री, म्हणजे तिघा-तिघांच्या खेळाकडेही बघा. अर्धं कोर्ट, एक बॉल, बदली धरून संघात चारच जण, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, आणि शॉटसाठी बारा सेकंद. टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे. तिथे कोच बाजूला उभा राहून सूचना देऊ शकत नाही आणि लपायलाही जागा नाही. प्रत्येकाला ड्रिबल, शूट, डिफेन्स सगळं करावंच लागतं. सहा-चारचा, बऱ्यापैकी हात असलेला पोरगा तिथे पाच जणांच्या खेळापेक्षा लवकर उपयोगी पडू शकतो. शिवाय सेंटरच्या सवयी मोडायला याच्याइतकं चांगलं औषध नाही.

तर या वर्षी पुतण्याला सरावात सेंटर खेळवू नका. मॅचमध्ये कोच काय करायचं ते करू देत, त्यांना जिंकायचंय, त्यांच्याशी वाद घालू नका. सकाळी ऊन चढायच्या आत, उन्हाळ्यात तर साडेपाचलाच, डाव्या हाताचं ड्रिबलिंग आणि समोरून ले-अप. सराव संपल्यावर, पाय जड झालेले असताना पन्नास फ्री थ्रो, आणि गेलेले किती ते वहीत. ताजातवाना असताना मारलेल्या फ्री थ्रोचा मला उपयोग नाही. आणि काका म्हणून एक करा: बाजूनं ‘शूट कर बे’ ओरडणं बंद करा. पोरगा पास द्यायला लागला की घरच्यांनाच आधी वाईट वाटतं, हे मी फार पाहिलंय.

अधिक नेमकं उत्तर हवं असेल तर अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, जन्माचं वर्ष-महिना आणि महिनाभराचे फ्री थ्रो कळवा. सोबत एका मॅचचा पूर्ण व्हिडिओ द्या, कापाकापी न केलेला. गाणं लावून फक्त बास्केट जोडलेले व्हिडिओ मी उघडत नाही. मोबाइल कोपऱ्यात उंचावर ठेवा, म्हणजे बॉलपासून लांबची पोरंही दिसतील. आणि जमल्यास ते हरलेले असतील अशी मॅच निवडा, जिच्यात त्याला कुणीतरी नीट अडवलं होतं.